ते लीक नाही

“लीक नाही,” मिसबाई म्हणाली. “ते लीक नाही.”

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन दिवस ती हेच म्हणत होती. मी सिलिंडरचं बटण बंद केलं, स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, मागचं दार सताड उघडलं. माझी धाकटी बहीण कुसुम मोरीजवळ बसून उलट्या करत होती. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उलट्या थांबत नव्हत्या. मिसबाई खुर्चीवरून घसरून टेबलाच्या पायाला टेकली होती. वय चौऱ्याऐंशी. हनुवटीवरून लाळ गळत होती. माझ्या पोटात कोणी ओलं फडकं पिळावं तसं होत होतं. टेबलावर तीन खोलगट बश्या होत्या. माझी आणि कुसुमची रिकामी, मिसबाईची जवळजवळ भरलेली.

“ते लीक नाही वं,” ती पुन्हा म्हणाली आणि तिनं माझं लुगडं धरलं. मी सोडवून घेतलं आणि रस्त्यावर ऑटो बघायला पळाले. गॅस चढला आहे, याबद्दल मला काही शंका नव्हती.

गावात आता दहा जणी ही गोष्ट दहा तऱ्हेनं सांगतात. कोणी म्हणते त्या बंगल्यात भूत आहे. ज्यांनी कामठी पाहिली नाही, तो बंगला पाहिला नाही, त्यांच्यासाठी मी झालं तसं लिहून ठेवते.

गावाहून कामठी

आमचं गाव नरखेड तालुक्यात. मी कामठीला गेले ती कुसुमला घरी आणायला. तीस वर्षं ती तिथं मिसबाईकडे घरकामाला राहत होती. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला, मूलबाळ नाही, तेव्हा तिनं हे काम धरलं. मागची सहा वर्षं ती गावी आलीच नव्हती. फोनवर बोलायची ते दोन मिनिटं. माझ्या घरात खोली रिकामी आहे. कुसुम सदुसष्ट वर्षांची, त्यात डॉक्टरनं तिचं हृदय अशक्त आहे म्हणून सांगितलेलं. म्हातारीनं म्हातारीची सेवा किती दिवस करायची, असा माझा साधा हिशेब होता.

मृग बहाराची संत्री पिशवीभर घेतली आणि निघाले. एसटीचं काही सांगण्यासारखं नाही. नागपूरहून कामठीला सीटवर चौघं बसवणारा ऑटो मिळाला. कामठीत उतरलं की आधी कानाला कळतं कुठं आलो. यंत्रमागांची खडखड गल्लीगल्लीतून येते आणि लोक त्यातच निवांत गप्पा मारतात. लष्कराच्या छावणीकडे वळलं की ती खडखड हळूहळू मागे राहते. मग मोठी झाडं, रस्त्याकडेला चुना फासलेले दगड, कोणी दिसत नाही. मिसबाईचं घर त्या रस्त्याच्या शेवटी. फाटकापाशी उभी राहिले तेव्हा मला माझ्या चपलेचा आवाज ऐकू येत होता.

दार कुसुमनं उघडलं. मी आत पाय टाकला आणि पदर नाकाला लावला. गॅसचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक. मेलेल्या जनावराचा.

“काय वं, नाक काहून झाकलं?” कुसुम म्हणाली.

“घरात काय मेलं हाय?”

ती हसली. “इथं मी अन् मिसबाई. दोघी जित्त्या हाओत.”

घर

मिसबाई शाळेत शिकवायची, म्हणून अख्खी कामठी तिला मिसबाई म्हणते. तिचा आजोबा गोऱ्या फौजेबरोबर आला आणि इथंच राहिला. रंगानं अजून गोरी आहे, फ्रॉक घालते, डोळ्यात मोतीबिंदू. पण तीस वर्षं बोलायला कुसुमच, त्यामुळे तोंड उघडलं की आमच्या गावची बाई.

“काहून उभी हाय? बस ना,” ती मला म्हणाली. “हे तुही मोठी बहीण काय वं, कुसुम? तुह्यापेक्षा तर हेच तरणी दिसते.”

“तुम्हाले दिसते कुठं, मिसबाई?” कुसुम म्हणाली.

“दिसत नाही म्हणूनच तर चांगलं बोलते.”

मी हसले. बाई वाईट नव्हती. मी संत्री दिली. मिसबाईनं एक संत्रं दोन्ही हातांनी नाकाशी धरलं आणि लांब श्वास घेतला. “वा! काय वास हाय!” मग कुसुमनं तेच संत्रं घेतलं, तसाच लांब श्वास घेतला, म्हणाली, “वा!” दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला ते उगाच वाटलं. संत्र्याला संत्र्याचा वास येतो, त्यात एवढं काय?

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडीचं बटण नीट बंद होत नव्हतं, रबरी नळीला भेगा होत्या. सिलिंडरचं बटण दाबून बंद केलं आणि ओरडले, “तुमचा गॅस लीक होऊन राहिला! मरान दोघी!”

“लीक नाही,” मिसबाई बाहेरून म्हणाली. “लीक असता तर वास नसता आला काय?”

“लीक नाही वं, ताई,” कुसुमनंही म्हटलं.

दुपारी मिसबाईनं खुर्चीतच डोळे मिटून सांगितलं, “कुसुम, पाव निंगाले वाटते. बेकरीचा वास आला. जाऊन ये.” कुसुम “हो, आला आला” म्हणाली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी गेले. मागच्या गल्लीत बेकरी होती खरी. पण शटर खाली, कुलपावर गंज, पायरीवर गवत. शेजारी एक माणूस सुताच्या बॉबिनी पोत्यात भरत होता. त्याला विचारलं.

“बेकरी? माय, ते बंद होऊन दोन वर्षं झाले.”

“पण आता वास आला म्हणे पावाचा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मिसबाईच्या घराकडे. “त्या घरात रोजच येते तो वास,” म्हणाला आणि पोतं खांद्यावर टाकून गेला.

आम्ही भूतबीत मानत नाही. तरी परत येताना मी दोनदा मागे पाहिलं. चौकातल्या दुकानातून पाव घेतला आणि कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत हाय मले. म्हातारी बोलते, मी हो म्हणते. पाव मी चौकातूनच आणते. तू काही बोलू नोको. अन् इथं जेवाले नावं ठेवजो नोको, आधीच सांगून ठेवते. तुही जीभ मले माहीत हाय.”

जेवण म्हणजे सूप. रोज दुपारी एक वाजता सूप. आमच्याकडे मटण म्हणजे रस्सा, वर बोटभर तर्री, नाकातून पाणी आलं पाहिजे. इथं मानेचं हाडाचं मटण पाण्यात टाकून तीन तास मंद शिजवतात. त्यात गाजर, शलगम, कांदा, जव. मीठ आणि मिरी. हळद नाही, तिखट नाही, फोडणी नाही. रंग धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा. मिसबाईच्या आजोबाच्या मुलखात म्हणे थंडीत हेच खातात. ती त्याला ब्रॉथ म्हणते, कुसुम बराथ म्हणते. चमचा आपल्याकडे ओढायचा नाही, पुढे ढकलत भरायचा, आणि सुर्र करायचं नाही. जव मात्र मला आवडले. मऊ होऊन फुगतात आणि दाताखाली चिकटतात.

कुसुमनं दोनदा घेतलं. “वा,” म्हणाली.

दुसरा दिवस

सकाळी उठून मी तो दुसरा वास शोधायला लागले. भांड्यांच्या कपाटामागे झाडू घातला. उंदीर निघाला, मांजरीच्या पिलाएवढा, फुगलेला, अळ्या पडलेल्या. शेपटीला धरून मी तो कुसुमच्या तोंडासमोर नेला. ती मागे सरकली नाही. अळ्या दिसल्या तेव्हा सरकली.

“हा पाच-सहा दिवसांचा हाय,” मी म्हटलं. “तू रोज इथं उभी राहून सैपाक करते. तुले वास नाही आला?”

मी उंदीर बाहेर पुरून हात धुऊन आले, तरी ती तिथंच उभी.

“कोरोनाच्या तापापासून मले वास नाही,” ती म्हणाली. “चवही नाही. मीठ अन् साखर सारखंच लागते. बोटाच्या मापानं टाकते सगळं.”

“अन् सांगितलं नाही कोणाले?”

“कोणाले सांगू? सैपाक करणारीले चव नाही समजलं तर माह्या हातचं कोण खाईन? मिसबाईले डोळे नाही, चालणं नाही. तिचं एक नाक उरलं हाय. रोज म्हणते, कुसुम, काय वास सुटला बराथचा! अर्धी त्याच्यावरच जगून राहिली ते. मंग मीही म्हणते, हो, सुटला. तू सांगजो नोको तिले.”

मी सांगितलं, आता तर तू घरी चलच. ती म्हणाली, “मंग मिसबाईले कोण पाहीन?” यावर मी तिला पुष्कळ बोलले. ती कांदे निवडत राहिली.

तापानं त्या दोघी एकाच आठवड्यात पडल्या होत्या. हे मला माहीत होतं. इतकं माहीत असून पुढचं माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसरा दिवस

पाहुणी आली म्हणून मिसबाईला अस्सल सूप करायचं होतं. रोजच्या सुपात कांदा असतो, अस्सल सुपात लीक लागतं. लीक ही कांद्याच्या जातीची भाजी, मी पहिल्यांदाच ऐकली.

“रुंद हिरवी पात अन् खाली लांब पांढरा दांडा,” मिसबाई म्हणाली. “मागं, पाण्याच्या टाकीजवळ मी लावलं होतं बिया आणून. पाह्य ना, हाय काय.”

मी विळा घेऊन मागे गेले. टाकीजवळ भिंतीला लागून एक रांग उभी होती. रुंद हिरवी पात. एक उपटून पाहिलं, खाली हातभर पांढरा दांडा आणि कांदा. चार उपटले. जन्म शेतात गेला माझा, उपटलेला कांदा मी आधी नाकाला लावते. लावला. कांद्याचा वास नव्हता. ओल्या गवतासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, गोऱ्यांचा कांदा आहे, गोऱ्यांच्या जेवणासारखाच फिका असेल.

तरी मी तसाच टाकला नाही, हे सांगून ठेवते. धुऊन, दोन तुकडे करून मिसबाईकडे नेला. “हेच काय, मिसबाई? वास घेऊन पाहा.”

तिनं तुकडा हातात घेतला. बोटांनी चाचपला. नाकाशी नेला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला, संत्र्याचा घेतला होता तसाच. दारात कुसुम उभी होती. मिसबाईनं तिच्या दिशेनं मान वळवली.

“हेच,” म्हणाली. “कुसुम, वास आला काय तुले?”

“इथवर आला,” कुसुम म्हणाली.

कुसुम खोटं बोलते हे मला माहीत होतं. म्हणून मी मिसबाईच्या नाकावर विश्वास ठेवला.

चिरलं मी. टाकलं मी. कुसुम पातेलं ढवळत होती. एक वाजता टेबलावर बसलो. पहिला घोट घेतला तेव्हा मागून कडू चव आली, कारल्याची नाही, औषधाची. मी दोघींकडे पाहिलं. दोघी शांतपणे खात होत्या. कडू लागल्याचं कोणाच्या तोंडावर काही नाही. मिसबाई म्हणाली, “आज अस्सल झालं. आजोबाच्या वेळचा वास हाय.” कुसुम म्हणाली, “हो ना, मिसबाई.” त्या घरात कसलाही आवाज नव्हता, चमचे बशीला लागत होते तेवढाच. मला वाटलं, अस्सल असंच असेल. मी आयुष्यात कोणाच्या जेवणाला गप्प बसले नाही. लग्नाच्या पंगतीत भात कच्चा आहे म्हणून सांगणारी मी. त्या दिवशी गप्प बसले आणि बशी संपवली, कारण टाकायची सवय नाही. मिसबाईनं तीन चमचे घेऊन बशी सरकवली, तिला तेवढंच जातं. कुसुमनं दुसऱ्यांदा घेतलं. रोज घेते. आपलं सूप चांगलं झालं हे मिसबाईला कळावं म्हणून घेते.

बश्या तशाच राहिल्या, आम्ही टेबलाशीच बोलत बसलो. पाऊण तासानं कुसुम उठून मोरीकडे गेली.

दवाखाना

डॉक्टरीण तरुण होती. तिनं विचारलं, “आजी, काय झालं?” मी म्हटलं, “घरात गॅस लीक झाला. दोन दिवसांपासून होता.” तिनं पुन्हा विचारलं, “काही खाल्लं होतं का?” मी म्हटलं, “रोजचंच सूप. गॅसच हाय, मी सोता वास घेतला.” मी इतकं ठासून सांगितल्यावर ती तरी काय करणार? तिघींना नळ्या लावल्या, हवा दिली. चूक माझी, दवाखान्याची नाही.

दोन तासांनी मला उठून बसता आलं. पलीकडच्या खाटेवर मिसबाई बोटानं बोलवत होती. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“ते लीक नाही,” ती म्हणाली. “फुलाचा कांदा होता. माह्या आईनं लावलेली लिली. लीक तर मागच्याच उन्हाळ्यात जळून गेलं, मी इसरली. उलट्या लागल्या तेव्हा आठवलं.”

“मंग वास घेतला तेव्हा काहून नाही बोलली?”

“मले वास नाही, चवही नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “त्या तापापासून नाही. कुसुम तीन-तीन तास बराथ शिजवते. वास नाही म्हटलं असतं तर कोणासाठी शिजवते ते? तिले नोको सांगू.”

दोन दिवस ती नुसतं “लीक नाही” म्हणत होती. त्या दुपारी “ते लीक नाही” म्हणाली. तो एक ‘ते’ मी ऐकला असता तर दोन तास वाचले असते.

मी डॉक्टरिणीला सांगितलं. ती म्हणाली, झाड दाखवलं तर बरं होईल. मी ऑटो करून परत गेले. ऑटोवाला फाटकापाशीच थांबला. मी म्हटलं, आत ये. तो म्हणाला, “नाही माय, इथंच बरं.”

ऊन अजून होतं. खिडक्या, दारं आम्ही उघडी टाकून गेलो होतो, पडदे आतबाहेर होत होते. टेबलावर तीन बश्या तशाच. मिसबाईच्या बशीत माशा मरून पडल्या होत्या, दहा-बारा. पातेल्याला हात लावला तर कोमट. आणि घराला कसलाच वास नव्हता. ना गॅसचा, ना मटणाचा, ना उलटीचा. मी उभीच राहिले. वाटलं, माझंही गेलं. टोपलीतलं एक संत्रं घेऊन नखानं साल फाडली. वास आला. मग मागे गेले.

टाकीजवळ चार खड्डे होते, मी केलेले. रांगेच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, एका झाडाला दांडा आला होता आणि त्यावर पांढरी लांब पाकळ्यांची फुलं होती. सकाळी मी समोरून उपटलं, मागे वाकून पाहिलं नाही. मी ते झाड मुळासकट काढून घेतलं.

डॉक्टरिणीनं फोटो काढून कोणाला तरी पाठवला, फोनवर बोलली आणि मग धावपळ सुरू झाली. मी विचारलं, “उशीर झाला काय?” ती म्हणाली, “आजी, तसं सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी कुसुम शुद्धीवर होती. ओठ सुकलेले, हात बर्फ. मी तिला लिलीचं सांगितलं. मिसबाईच्या नाकाचं सांगितलं नाही.

“कसं लागत होतं वं, ताई, ते बराथ?”

“कडू,” मी म्हटलं.

“लय?”

“लय.”

“मंग तू काहून नाही बोलली?”

मी तिच्या पायावर चादर ओढली. ती म्हणाली, “मिसबाईले नळीतून पाणी देतात काय? तिले घोट-घोट आवडते.” मी म्हटलं, देतात. तिनं डोळे मिटले.

डॉक्टरिणीनं सांगितलं, अंगातलं पाणी फार गेलं आणि हृदय आधीच अशक्त होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुसुम गेली. मिसबाई वाचली. मी वाचले.